जांभळाचा रंग कोणाच्या घरी जातो?



पालघरच्या डोंगरपट्ट्यात जांभूळ पिकले की आदिवासी बाया पाट्या घेऊन रस्त्याकडेला बसतात. दोन दिवसांत फळ पाणी सोडते. म्हणून संध्याकाळी व्यापारी म्हणेल तो भाव घ्यावा लागतो. आज त्या फळाच्या रंगाविषयी मला बोलायचे आहे, कारण बाजारात त्याला स्वतंत्र मोल आहे.

जांभळाचा आणि कोकमाचा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये अँटिऑक्सिडंट आहेत, पण स्वतः फार नाजूक. उष्णता, उजेड आणि हवा त्यांना सोसत नाही. आंबट रसात ती लाल दिसतात. कपड्यावरचा जांभळाचा डाग साबण लावताच निळसर होतो, तो याच गुणामुळे.

म्हणून त्यांना कवच घालतात. गाळलेल्या रसात स्टार्चपासून केलेले माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डिंक मिसळून त्याचा बारीक फवारा सुमारे १५० ते १८० अंश तापलेल्या हवेत सोडतात. पाणी उडून जाताना थेंब फारसा तापत नाही आणि काही क्षणांत भुकटी तयार होते. रंग कवचात राहतो. ही भुकटी सरबत, आइस्क्रीम, मिठाईत कृत्रिम रंगाऐवजी चालते. मात्र तिला ओल लागता कामा नये.

कवचही आपल्या जंगलात आहे. आपण लाडवात घालतो तो धावड्याचा डिंक जगाच्या बाजारात घट्टी गम म्हणून ओळखला जातो. तो तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतो, म्हणून तेलात विरघळणाऱ्या रंगांच्या कवचासाठी उपयोगी पडतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने असे गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वनवासी कुटुंबांना दिला आहे.

पुष्कळ हितचिंतक विचारतात, “यंत्रासाठी देणगी देऊ का?” माझे उत्तर आहे, आधी थांबा. हे यंत्र महाग आहे आणि जांभळाचा हंगाम काही आठवड्यांचा. बाकीचे महिने ते धूळ खाईल. आधी स्वच्छ गर काढण्याची सोय आणि तो टिकवायला शीतपेटी हवी. बचत गटाकडे गर साठलेला असेल, तर भाव ठरवताना बाईला ‘नाही’ म्हणता येते. भुकटी पुढे भाड्याच्या यंत्रावरही करून घेता येईल.

आणखी एक. पाकिटावर ‘मधुमेह बरा होतो’ असे कधीही लिहू नये. अँथोसायनिन शरीरात फार थोडे शोषले जाते. आपल्या शब्दावर विसंबून एखाद्याने गोळ्या सोडल्या, तर तो दोष आपल्यावर येईल.

रंग टिकवण्याची विद्या चांगलीच आहे. त्या रंगाचा पैसा पाटी वाहणारीच्या घरी पोहोचावा, एवढे आपण पाहू या.