व्हिला तर घेतला, पण पाण्यापाशी कोण बसणार?

आजचा विषय जरा ऐटीतला आहे. गोव्यात समुद्राजवळ, स्विमिंग पूलवाला अख्खा व्हिला भाड्यानं घ्यायचा. दिवाळीनंतर दोन-तीन कुटुंबं मिळून असा बेत करतात, आणि आता पोरांना सर्फिंगही शिकायचं असतं.

सर्फिंगसाठी उत्तर गोव्यातला पेडणे तालुका बघा. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल हे किनारे तिथलेच. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेला मोपाचा विमानतळही याच तालुक्यात. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून नेण्याचं ठरलेला शक्तिपीठ महामार्ग झाला, तर तोही इथल्याच पत्रादेवीला पोचेल. शिकणाऱ्यांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. भाडं उतरलंय म्हणून जुलैत गेलात, तर खवळलेला समुद्र लांबूनच बघावा लागेल.

आता पैशाचं. दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के. समजा, व्हिला २४,००० रुपये रोज, तीन रात्री. झाले ७२,०००. त्यावर कर १२,९६०. म्हणजे ८४,९६०. बारा जणांत वाटले तर माणशी ७,०८०. म्हणून पहिला प्रश्न, भाडं कर धरून की सोडून? दुसरा, अनामत किती आणि ती परत कधी? तिसरा, स्वयंपाकी, साफसफाई, जनरेटर भाड्यातच आहे की वेगळं?

आणि सगळ्यात आधी, व्हिला खरंच आहे का? सुंदर फोटो टाकून ॲडव्हान्स लुबाडणारे कमी नाहीत. गोव्यात पर्यटकांना घर भाड्यानं द्यायचं तर पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. १९८२ च्या कायद्यापासून ही व्यवस्था आहे. नोंदणी क्रमांक बेधडक मागा. व्हिडिओ कॉलवर घर, रस्ता, फाटक दाखवायला सांगा. "आत्ताच पैसे टाका, नाहीतर दुसरा घेतो" असं कोणी म्हणालं, तर त्या दुसऱ्यालाच घेऊ द्या!

पण राजेहो, माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. व्हिला म्हणजे हॉटेल नाही. रिसेप्शन नाही, रात्रपाळीचा माणूस असेलच असं नाही, आणि पूलवर जीवरक्षक तर बहुधा नसतोच. खासगी पूल म्हणजे नजरही आपलीच. दहा मोठी माणसं आजूबाजूला असतात, आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. लहान मूल बुडताना ओरडत नाही, गुपचूप खाली जातं. म्हणून बुकिंगच्या आधी पूलची खोली विचारा, कुंपण आहे का विचारा. तिथं गेल्यावर अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावा. पाळीवरच्या माणसाच्या हातात मोबाईल नाही, ग्लास नाही. रात्री पूलकडचं दार बंद.

समुद्राचंही तसंच. बेंबळ्यात, पैनगंगेत पोहणाऱ्यांना वाटतं, पाणी ते पाणी. समुद्रात किनाऱ्याकडून आत ओढणारा प्रवाह असतो. त्याच्याशी झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर निघा, मग किनाऱ्याकडे वळा. लाल झेंडा दिसला तर पाण्यात उतरायचंच नाही. वर लाल, खाली पिवळा अशा झेंड्यांच्या मधे जीवरक्षकांचं लक्ष असतं. संध्याकाळी ते गेले की आपणही बाहेर. सर्फिंगच्या शिक्षकाकडे इंटरनॅशनल सर्फिंग असोसिएशनचं प्रमाणपत्र आहे का, ते विचारा. पोहता येत नसेल तर आधीच सांगा, लाजू नका. आणि दारू घेतली असेल, तर त्या दिवशी पाणी नाही. ना समुद्राचं, ना पूलचं.

एक शेवटचं. मोरजी आणि मांद्र्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथं रात्री झगमगाट, गोंगाट नको. तसंही रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला बंदी आहे, आणि शेजारी गावकऱ्यांची घरं असतात.

तर बुकिंगसाठी ग्रुप बनवलाच असेल, तर त्यात भाड्याच्या हिशोबाखाली पूलच्या पाळ्याही लिहून टाका. नावं घालूनच. पुढच्या भागात भेटू!