शाकाहाराचा प्रसार आणि श्रोत्यांचा अधिकारभेद

पाठशाळेत आम्ही श्लोक आधी मुखोद्गत करतो. अर्थ मागाहून उमगतो. परंतु लोकांस अहिंसेची वचने ऐकविली म्हणजे कार्य झाले, असे समजणे भ्रामक होय. कोणास ऐकणे रुचते, कोणास पाहणे, तर कोणास स्वतः केल्यावाचून पटतच नाही.

हे मर्म श्रीगाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) ओळखले होते. कीर्तनात ते प्रश्नावर प्रश्न विचारीत आणि नवसाला बोकड कापणाऱ्या श्रोत्यांच्याच मुखातून उत्तर काढून घेत. स्वमुखाने दिलेले उत्तर मनुष्य सहसा विसरत नाही. कन्येच्या बारशाला रूढीप्रमाणे मद्यमांसाची पंगत न घालता त्यांनी गोड जेवण वाढले, असे सांगतात. ज्यांना कीर्तन रुचत नसे त्यांनाही ती पंगत कळली असेल!

आपल्या डिंडोलीत खानदेशातून आलेली कुटुंबे पुष्कळ. त्यांच्यापुढे निषेधाचे भाषण करण्यापेक्षा कळण्याची भाकरी नि वांग्याचे भरीत सर्वांनी मिळून रांधावे. (पुरुषांनीही चुलीपाशी बसण्यास प्रत्यवाय नसावा.) मुलांना शंका विचारू द्याव्यात. मांसाहारी शेजाऱ्यास हीन लेखणारा शब्द मात्र मठाच्या पायरीवर कोणी उच्चारू नये. अपमानित झालेला श्रोता पुन्हा येत नाही. मग शिकवावयाचे कोणास?

येत्या रविवारी सायंकाळी वांगी भाजण्यास प्रारंभ करू. प्रत्येकाने एकेक शेजारी सोबत आणावा.