गिटार : एका शब्दाचा प्रवास

'गिटार' या शब्दाचे मूळ प्राचीन ग्रीक 'किथारा' या शब्दात सापडते. मात्र किथारा हे आजच्या गिटारसारखे लांब दांडीचे वाद्य नव्हते, तर लाकडी पेटीवर उभारलेल्या दोन बाहूंमध्ये तारा ताणलेले वाद्य होते. हाच शब्द अरबीत 'कीतारा' झाला, स्पेनमध्ये 'गितारा' या रूपात स्थिरावला आणि पुढे इंग्रजीमार्गे मराठीत आला. तो ज्या भाषांतून घडला त्यांपैकी अरबी, आणि स्पॅनिशला जवळची असलेली पोर्तुगीज, या दोन्ही भाषा रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याला परिचित होत्या : दहाव्या शतकात चौलच्या बंदरात अरब व्यापाऱ्यांची वस्ती होती, तर सोळाव्या शतकापासून 1740 पर्यंत चौल-रेवदंडा पोर्तुगीजांकडे होते आणि कोर्लई गावात पोर्तुगीजातून उपजलेली बोली आजही बोलली जाते. पोर्तुगालमध्ये मात्र सहा तारांच्या गिटारला 'व्हियोला' म्हणतात आणि 'गितारा' हे नाव बहुधा बारा तारांच्या, नासपतीच्या आकाराच्या वाद्याला देतात. 'सतार' हा शब्द फारसी 'सेहतार', म्हणजे तीन तारांचे वाद्य, यावरून आला असल्याने केवळ उच्चारसाम्यावरून सतार आणि गिटार यांचे नाते ठरवणे योग्य नव्हे.