कुलाब्याची ‘तलवार’ आणि १९४६चा नाविक उठाव

(आकुर्डी येथे झालेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



आकुर्डी ही यंत्रांची आणि कुशल हातांची वस्ती आहे. हाताला कौशल्य आले की माणसाला स्वतःच्या किमतीची जाणीव होते, हे येथील कामगाराला वेगळे सांगावे लागत नाही. सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी मुंबईच्या किनाऱ्यावरील एका लष्करी प्रशिक्षण केंद्रात हेच घडले आणि त्याचे हादरे साम्राज्याच्या पायापर्यंत पोहोचले.

त्या केंद्राचे नाव ‘एचएमआयएस तलवार’. नाव जहाजाचे असले, तरी ही ‘तलवार’ पाण्यावर नव्हती. किनाऱ्यावरील तळालाही जहाजाचेच नाव देण्याची नौदलाची प्रथा आहे. कुलाब्यातील हा तळ म्हणजे रॉयल इंडियन नेव्हीची संदेशवहन शाळा. दुसऱ्या महायुद्धापूर्वी या नौदलात दोन हजारही माणसे नव्हती. युद्ध संपेपर्यंत ही संख्या पंचवीस हजारांच्या पुढे गेली. जहाजे वाढली, तसे बिनतारी यंत्र चालविणारे आणि सांकेतिक संदेश वाचणारे तरुण हवे झाले. त्यांना घडविण्याचे काम ‘तलवार’कडे आले. त्यासाठी शिकलेली, इंग्रजी जाणणारी मुले लागत. ती वर्तमानपत्रे वाचीत आणि जगात काय चालले आहे हे त्यांना कळत होते.

भरतीच्या वेळी या मुलांना चांगल्या भविष्याची आश्वासने देण्यात आली होती. प्रत्यक्षात वाट्याला आले निकृष्ट अन्न, गोऱ्या नाविकांच्या तुलनेत तुटपुंजा पगार आणि पदोपदी अपमान. युद्ध संपताच नोकरी जाण्याची टांगती तलवारही डोक्यावर आली. त्याच सुमारास, नोव्हेंबर १९४५मध्ये, लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला. नेताजींचे सैनिक ज्या देशासाठी लढले, त्याच देशाचे आपणही सुपुत्र आहोत, हा विचार गणवेशातील तरुणांना स्वस्थ बसू देईना.

१ डिसेंबर १९४५ रोजी नौदल दिनानिमित्त ‘तलवार’ लोकांना पाहण्यासाठी खुली होणार होती. त्या सकाळी भिंतींवर ‘चले जाव’च्या आणि क्रांतीच्या घोषणा रंगविलेल्या दिसल्या. या गुप्त गटात बलाईचंद्र दत्त हा तरुण तारायंत्रचालक होता. फेब्रुवारी १९४६मध्ये तो घोषणा लिहिल्याच्या आरोपावरून पकडला गेला. तळाचे प्रमुख कमांडर किंग यांच्या शिवराळ भाषेविरुद्ध नाविकांनी रीतसर तक्रार केली, तर उलट तक्रारदारांनाच दटावण्यात आले. अखेर १८ फेब्रुवारीला हजाराहून अधिक नाविकांनी अन्न नाकारले आणि काम थांबविले.

या शाळेचे वैशिष्ट्य येथे कामास आले. ‘तलवार’मध्ये शिकून गेलेले संदेशचालक जहाजाजहाजांवर आणि तळातळांवर होते. साम्राज्याचे आदेश पोहोचविण्यासाठी उभारलेल्या याच यंत्रणेवरून संपाची वार्ता कराची, मद्रास, विशाखापट्टणम, कोचीन, कलकत्ता अशी पसरली. ७०हून अधिक जहाजे, सुमारे २० तळ आणि जवळपास २० हजार नाविक त्यात उतरले. १९ फेब्रुवारीला मध्यवर्ती संप समिती स्थापन झाली, अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. मागण्यांमध्ये अन्न आणि पगार होतेच. त्यांच्या जोडीला आझाद हिंद सेनेच्या बंदींची सुटका आणि इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलावणे याही होत्या.

२१ फेब्रुवारीला कॅसल बॅरॅक्समध्ये गोळीबाराला गोळीबाराने उत्तर मिळाले. कराचीत ‘हिंदुस्थान’ जहाजावरील नाविक लढले. २२ तारखेला मुंबईचा गिरणी कामगार रस्त्यावर उतरला. परळ-लालबागच्या चाळींसमोर लष्कराने गोळ्या झाडल्या आणि शहरात दोनशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले.

मात्र या तरुणांना हाती धरणारे नेतृत्व लाभले नाही. काँग्रेस आणि मुस्लिम लीग या दोन्ही पक्षांनी त्यांना शस्त्रे खाली ठेवण्यास सांगितले. सरदार पटेलांची भूमिका शिस्तीची होती. स्वतंत्र भारतालाही सैन्य लागणार आहे, ते बेशिस्तीने पोखरले जाऊ नये, असे त्यांना वाटत होते. सूडबुद्धीने शिक्षा होणार नाही या आशेवर २३ फेब्रुवारीला नाविक शरण आले. पुढे शेकडो जणांना नौदलातून काढण्यात आले आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना परत घेतले गेले नाही. शिस्तीचा आग्रह समजण्यासारखा होता. पण ज्यांनी देशासाठी उपजीविका पणाला लावली, त्यांना देशाने दाराबाहेर ठेवावे, ही सल मात्र राहतेच.

कॅबिनेट मिशनची घोषणा १९ फेब्रुवारीला झाली. ते ठरले होते उठावाच्या आधीच. तेव्हा केवळ या बंडामुळे इंग्रज गेले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि, भारतीय सैनिकाच्या बळावर भारत ताब्यात ठेवता येणार नाही, हे त्या पाच दिवसांनी राज्यकर्त्यांना उघड दाखविले. त्याच महिन्याच्या अखेरीस जबलपूरच्या लष्करी संदेशवहन केंद्रातही असंतोष उफाळला.

कॅसल बॅरॅक्सचा तो परिसर आज ‘आयएनएस आंग्रे’ म्हणून सरखेल कान्होजींचे नाव मिरवितो. पुढे ‘तलवार’ नावाची युद्धनौका नौदलात आली आणि डिसेंबर १९७१मध्ये कराचीवरील दुसऱ्या क्षेपणास्त्र हल्ल्यात तिने भाग घेतला. २००३ साली नवी ‘तलवार’ दाखल झाली. कुलाब्यात उठावाचे स्मारक उभे राहिले आणि २०२२च्या प्रजासत्ताक दिनी नौदलाने आपल्या चित्ररथातून या उठावाला मानवंदना दिली. ज्या नौदलातून ते काढले गेले, त्याच नौदलाने त्यांना आपले मानले.

मुलांना मुंबई दाखविताना गेटवेपाशीच थांबू नये. त्यांना कुलाब्याच्या त्या स्मारकापर्यंत न्यावे आणि विशी-बाविशीतल्या त्या तारायंत्रचालकांनी काय पणाला लावले होते, हे तेथे उभे राहून सांगावे.