बाळ डब्याचं दूध घेईना

कांद्याची लागण सुरू झाली की आमच्या बचत गटाच्या बैठकीत हा प्रश्न येतोच. "ताई, बाळ तीन महिन्यांचं आहे. मला रोजंदारीला जायचंय, आणि हे डब्याचं दूध तोंडातच धरत नाही, थुंकून टाकतं." मग सगळ्याजणींचे सल्ले सुरू होतात. साखर घाल, निपल बदल, उपाशी ठेव म्हणजे पिईल गपगुमान.

एवढ्याशा जिवाला उपाशी ठेवायचं नाही, बायांनो. साखरही नको. ते काही हट्ट करत नाही. त्याला चव ठाऊक आईच्या दुधाची, आणि बाटली चोखायची रीतच वेगळी.

म्हणून मी आधी विचारते, तुला दूध येतंय ना? मग डबा कशाला? सहा महिन्यांपर्यंत तेच पुरतं, वरचं पाणीसुद्धा लागत नाही. हात साबणाने धुवायचे, उकळून घेतलेल्या स्टीलच्या वाटीत दूध हाताने काढायचं, झाकून माठाशेजारी गारव्याला ठेवायचं. चार तास चांगलं राहतं. चुलीवर तापवायचं नाही, वाटी कोमट पाण्यात धरायची. पाजायचं वाटी-चमच्याने, नाहीतर आपल्या आज्या वापरायच्या त्या बोंडल्याने. बाळाला जरा उभट धरून दूध ओठाला लावायचं, घशात ओतायचं नाही. पाजणारी सासू किंवा नणंद असावी, कारण आई दिसली की ते तिच्याकडेच झेपावणार. कामावर जायच्या आठ दिवस आधी सुरुवात करा. पहिल्यांदा निम्मं झबल्यावरच सांडेल. सांडू दे.

डॉक्टरांनीच डबा सांगितला असेल, तर महाग पडतो म्हणून पातळ करू नका. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी, तेही उकळलेलं. उष्टं उरलेलं ओतून द्या.

आधी छान पिणारं बाळ एकाएकी काहीच घेईना, तर नाक चोंदलंय का, तोंडात पांढरे चट्टे आलेत का ते बघा. दिवस-रात्रीत सहापेक्षा कमी वेळा लघवी झाली, टाळू खोल गेली, बाळ मलूल पडलं, तर आशाताईची वाट बघू नका, सरळ दवाखाना गाठा.

आमच्या गटातल्या चौघीजणी मुकादमाकडे गेल्या होत्या. तान्ह्या बाळाच्या आईला दुपारी घरी जाऊन पाजून यायला अर्धा तास जास्तीचा मिळाला, रोज न कापता. एकटीने विचारलं होतं तेव्हा तो हसला होता.