एक भिंग आणि दोन भिंगे
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



घड्याळजी डोळ्याला काळी नळी लावून बारीक चाके न्याहाळतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या नळीत बहुधा एकच बहिर्वक्र भिंग असते. हाच साधा सूक्ष्मदर्शक. वस्तू भिंगाच्या नाभीय अंतराच्या आत ठेवली की तिची मोठी व सुलटी प्रतिमा दिसते.

संयुक्त सूक्ष्मदर्शकात काम वाटून दिलेले असते. वस्तूजवळचे वस्तुभिंग नळीत मोठी पण उलटी प्रतिमा तयार करते; डोळ्याजवळची नेत्रिका ती आणखी मोठी करते. येथे बेरीज नाही, गुणाकार आहे. वस्तुभिंग ४० पट आणि नेत्रिका १० पट, तर वस्तू ४०० पट दिसते. मात्र प्रतिमा उलटीच राहते. काचपट्टी उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे पळते. घड्याळजीला हे यंत्र दिले तर बिचाऱ्याचा चिमटा भलतीकडेच जाईल!

मग दोन भिंगे नेहमीच श्रेष्ठ काय? इतिहास तसे सांगत नाही. रॉबर्ट हूक यांनी संयुक्त सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या बुचाच्या पेशींचे चित्र १६६५ साली प्रसिद्ध केले. परंतु त्या काळच्या भिंगांत कडांना रंग दिसत, आणि दुसरे भिंग तो दोषही मोठा करी. हॉलंडमधील डेल्फ्टचा कापडव्यापारी लेवेनहूक याने इवलेसे एकच भिंग धातूच्या पट्टीत बसवले आणि १६७० नंतरच्या दशकात पाण्यातील सूक्ष्म जीव पाहिले. त्याच्या उरलेल्या भिंगांपैकी एक सुमारे २७० पट मोठे दाखवते. त्याला लॅटिन येत नव्हते. आपल्या डच भाषेतच तो लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रे लिही. १६८० साली सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. ‘आम्हाला इंग्रजी येत नाही, मुलांना विज्ञान काय सांगणार?’ असे म्हणणाऱ्या पालकांसाठी हे मुद्दाम सांगितले.

एकोणिसाव्या शतकात भिंगांचे दोष आटोक्यात आले, तेव्हा कुठे संयुक्त यंत्राने खरी आघाडी घेतली.

विद्यार्थी असताना मी हे यंत्र कपाटाच्या काचेतूनच पाहिले. फुटेल, ही भीती. उपाय सोपा आहे. आधी बाजूने पाहत वस्तुभिंग व काचपट्टी अगदी जवळ आणावी, मग नेत्रिकेतून पाहत दोहोंतील अंतर हळूहळू वाढवावे, कमी करू नये. कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी प्रयोगशाळेत लावून ठेवली आहे. सभा संपल्यावर जरूर या. चाक मात्र मुलामुलींना फिरवू द्या.