नव्याण्णव वर्षांची भुई
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु मागच्या हळदीकुंकवाला घराच्या कागदांचा विषय निघाला, तेव्हा अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी घडले ते सर्वांना सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आपण पुष्कळजणी प्राधिकरणाच्या भूखंडांवर राहतो. हे प्राधिकरण १९७२ साली स्थापन झाले. शेतकऱ्यांच्या जमिनी संपादून भूखंड पाडले आणि ते ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. सासूबाई म्हणतात, "भिंती आपल्या, भुई सरकारची." २०२१ साली प्राधिकरण विसर्जित होऊन त्याचा कारभार महापालिका आणि पीएमआरडीए यांच्यात वाटला गेला, पण आमच्या हातातला पट्टा तोच राहिला.

आमच्या मामंजींना १९८४ साली भूखंड मिळाला. कर्ज काढून त्यांनी दोन खोल्या बांधल्या. थोरले भाऊजी तेव्हा शाळकरी होते. शाळेतून आले की ते आणि सासूबाई नव्या भिंतींवर पाणी मारीत. पुढे भाऊजी शिकून अमेरिकेत गेले आणि तिथलेच नागरिक झाले. आपल्या देशात दोन नागरिकत्वे चालत नाहीत, म्हणून इथले गेले. हाती ओसीआय कार्ड राहिले.

मामंजी २०१९ साली वारले. भाऊजी म्हणाले, "वर एक मजला बांधू. निवृत्त झालो की आईजवळ येऊन राहीन." वारसांची नावे लावण्याची वेळ आली, तेव्हा एक नातेवाईक म्हणाले, "परदेशी झालेल्या माणसाला सरकारी जमिनीवर हक्क कसला? त्याचे नाव वगळा. बहिणीकडून हक्कसोडपत्र घ्या." आमच्या घरच्यांना ते पटले. अर्जही तयार झाला.

खरे सांगते, मलाही बरे वाटले. माझे दोन मुलगे मोठे होत आहेत. वरचा मजला त्यांचा होईल, असे मनात आले.

सही करण्यापूर्वी सासूबाई मला म्हणाल्या, "आधी वाचून दाखव." मी वाचू लागले. वारस म्हणून एक पत्नी, एक मुलगा. सासूबाईंनी मला थांबवले. म्हणाल्या, "मला मुले किती गं?"

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यांनी सही केली नाही, आणि मीही यांना पुन्हा तो अर्ज त्यांच्यापुढे ठेवू दिला नाही. दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही वकिलांकडे गेलो. त्यांनी समजावले ते असे. मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगे आणि मुली सर्वांना सारखा वाटा. मुलगा परदेशी नागरिक झाला म्हणून वाटा बुडत नाही. ओसीआय कार्ड असलेल्या माणसाला इथे घर विकतही घेता येते. शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. भारतीय वंशाचा नसलेला आणि इथे न राहणारा परदेशी माणूस असेल, तर त्याला एरवी पाच वर्षांपर्यंतचाच भाडेपट्टा घेता येतो.

मी विचारले, "मग चाकणला परदेशी कंपन्यांचे कारखाने उभे आहेत ते कसे?" वकील हसले. औद्योगिक महामंडळ कारखान्यांना ९५ वर्षांच्या पट्ट्याने जमीन देते, आणि त्या कंपन्या इथे नोंदलेल्या असल्यामुळे कायद्याला त्या इथल्याच! मनात म्हटले, कारखाना इथला होतो आणि पोटचा मुलगा परका ठरतो, हा कुठला न्याय?

पुढे नवा अर्ज केला. त्यात सासूबाई, दोघे मुलगे आणि नणंदबाई अशी चार नावे. भाऊजी डॉलरच्या नोटा आणतो म्हणाले, तर वकिलांनी बजावले की परदेशी नोटा चालत नाहीत, पैसा बँकेतूनच आला पाहिजे. पट्ट्याच्या अटींप्रमाणे परवानगी, महापालिकेकडून नकाशा मंजूर, चौघांच्या सह्या. यात दीड वर्ष गेले. खेटे पुष्कळ पडले. पण मजला उभा राहिला. नव्या भिंतींवर पहिल्या दिवशी सासूबाईंनीच पाणी मारले.

पहिल्या अर्जाची गोष्ट मी भाऊजींना स्वतः सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगितलेत हे बरे केलेत." तो अर्ज मी फाडलेला नाही. पट्ट्याच्या पिशवीतच ठेवला आहे.

मैत्रिणींनो, आज घरी गेल्यावर आपापला पट्टा काढा. नाव कोणाचे, मुदत केव्हापासून, अटी कोणत्या, हे वाचा. घरचे कर्ते माणूस गेले असेल, तर वारसांची नावे लागली का ते पाहा. आणि कोणी सहीला कागद पुढे केला, तर आधी तो मोठ्याने वाचायला सांगा. आमच्या घरी तेवढ्यानेच घर वाचले.

आमचा पट्टा २०८३ साली संपेल. तेव्हा मी नसेन. भुई सरकारची आहे, ती कोणाकडेही जावो. तोवर या घरात कोणी परके ठरू नये, एवढीच इच्छा.